दोनशेवीस व्होल्ट

कंपनीची बाई आली, बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून सगळं घर फिरली आणि वीस मिनिटांत निघाली. जाताना फार गोड बोलली. घर किती छान ठेवलंय, वगैरे. मग दारात थांबून म्हणाली, आमची तीन माणसं दोन दिवस इथे उभी करायची तर निदान दहा हजार डॉलरची विक्री व्हायला हवी. इथे तेवढं काही दिसत नाही.

सासूबाईंनी तिच्यासाठी चहा टाकला होता.

'काय म्हणाली?'

'त्यांना सध्या वेळ नाही म्हणाली,' मी सांगितलं.

'नाही आवडलं आपलं सामान,' आई म्हणाल्या आणि तिच्यासाठी ओतलेला कप माझ्या हातात दिला.

अमेरिकेत घर रिकामं करताना घरातच, दारं उघडी टाकून जी विक्री करतात तिला एस्टेट सेल म्हणतात. गराज सेल वेगळा. त्यात नको असलेल्या वस्तू बाहेर मांडतात, घरात कुणाला घेत नाहीत. एस्टेट सेलमध्ये अख्खं घरच दुकान होतं. अनोळखी माणसं बेडरूममध्ये शिरतात, कपाटं उघडतात, गादी दाबून बघतात. बहुतेकदा घरातलं कुणी गेलेलं असतं, नाहीतर मोठं घर सोडून लहान घरात जायचं असतं. आमच्याकडे दोन्ही होतं. बाबा, म्हणजे सासरे, दोन वर्षांपूर्वी गेले. न्यू जर्सीतलं ते चार बेडरूमचं घर, तिथले जिने, हिवाळ्यातला बर्फ, उन्हाळ्यातलं गवत हे सगळं आईंना एकटीला झेपेना. आमच्यापासून दहा मिनिटांवर ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीत त्यांनी एका बेडरूमचं अपार्टमेंट घेतलं. जुन्या घराचा सौदा झाला, क्लोजिंगची तारीख ठरली. करारात 'ब्रूम क्लीन' असा शब्द असतो, म्हणजे घर पूर्ण रिकामं करून, केर काढून ताब्यात द्यायचं. हातात पाच आठवडे होते.

पुण्यात माझ्या आजीचं घर आवरलं तेव्हा काही 'विकलं' असं मला आठवत नाही. पितळी भांडी मोडीत गेली, लुगडी बोहारणीला, कपाट कामाच्या मावशींना, आणि एक रेडिओ मामाने जुन्या बाजारात नेला. इथे बोहारीण नाही, मावशी नाहीत आणि भंगारवाला आरोळी देत दारावरून जात नाही. इथे वस्तू फेकून द्यायलाही पैसे पडतात. मोठा डम्पस्टर आठवडाभर दारात उभा करायचा आम्हांला ५२५ डॉलर भाव सांगितला होता.

विक्री करून देणाऱ्या कंपन्या साधारण ३० ते ५० टक्के कमिशन घेतात. त्या बदल्यात किमती लावतात, जाहिरात करतात, गल्ला सांभाळतात आणि घरच्या माणसांना त्या दिवशी घराबाहेर ठेवतात. यातल्या शेवटच्या कामासाठी चाळीस टक्के घेतले तरी ते स्वस्त आहेत, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र मी रागाने म्हटलं, 'आपणच करू.'

'आपण म्हणजे तू,' नवरा म्हणाला.

त्यात खवचटपणा नव्हता. तो आणि त्याची ताई दोघंही इथे जन्मलेले. मराठी बोलतात, जेवणाखाण्यापुरतं चांगलं बोलतात, पण वाचता येत नाही. आणि त्या घरात निम्म्या वस्तूंची नावं देवनागरीत होती. डाळींच्या डब्यांवर, फायलींवर, फ्रीझरमधल्या पिशव्यांवर ('भाजणी, मार्च', 'भाजणी, मार्च, दुसरी'). गराजच्या भिंतीवर बाबांनी लोणच्याच्या आणि कॉफीच्या रिकाम्या बरण्यांची ओळ लावली होती आणि प्रत्येकीवर चिकटपट्टीवर बारीक अक्षरात लिहिलेलं: लाकडाचे स्क्रू, लांब. लाकडाचे स्क्रू, आखूड. वॉशर. वाकडे खिळे, सरळ करणे. आणि शेवटची, सगळ्यात मोठी बरणी: कशाचे ते माहीत नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझं मराठी हा एक गोड, निरुपयोगी गुण होता. आता मी घरातली एकमेव वाचणारी होते. तारखा कधीच्या, पावत्या कसल्या, कुठलं पत्र ठेवायचं, सगळं माझ्याकडे.

किमती लावण्याचा एक ढोबळ नियम आहे, नव्या वस्तूच्या साधारण एक तृतीयांश. प्रत्यक्षात तो फारसा चालत नाही. जे घरातलं सगळ्यात भारी म्हणून जपलेलं असतं त्याला आज कुणी विचारत नाही. सहा खुर्च्यांचं भक्कम चेरीचं डायनिंग टेबल, काचेच्या कपाटातला बारा माणसांचा सोनेरी कडेचा डिनर सेट, यांना गिऱ्हाईक नाही. आजकाल लोकांची घरं लहान, आणि डिशवॉशरमध्ये न चालणारी ताटली कुणाला हवी? उलट हत्यारं हातोहात जातात. बीडाचे तवे जातात. जुनं पायरेक्स आणि निळ्या फुलांचं कॉर्निंगवेअर गोळा करणारे लोक आहेत. आईंकडे त्या निळ्या फुलांची दोन भांडी होती. त्यांत त्या चाळीस वर्षं दही लावत होत्या. मी त्यांवर बारा-बारा डॉलरचे स्टिकर लावले.

संध्याकाळी बघते तर स्टिकर गायब.

'विरजण कशात लावू?' आई म्हणाल्या.

हे रोज व्हायला लागलं. दिवसा मी स्टिकर लावायचे, रात्री चार-पाच वस्तू आपोआप विक्रीतून बाहेर पडायच्या. मी आईंना म्हटलं, तुम्हीच किमती सांगा. त्या म्हणाल्या, 'मला नको सांगूस. मी एकतर फुकट देईन, नाहीतर हजार लिहीन.'

तळघर शेवटच्या आठवड्यात उघडलं. बॉयलरच्या मागच्या कोपऱ्यात लाकडी मांडणीवर, जमिनीपासून चांगली दोन फूट उंच, पाच खोकी. वरून जाड प्लास्टिक, सुतळीने बांधलेलं. १९९९ मध्ये फ्लॉइड वादळात मध्य न्यू जर्सीत पूर आला तेव्हा या तळघरातही पाणी शिरलं होतं, आणि ती मांडणी बाबांनी त्यानंतर केली, एवढं नवऱ्याला आठवत होतं. खोक्यांत काय आहे ते त्याला माहीत नव्हतं. 'बाबांचं काहीतरी. आम्हांला हात लावायची परवानगी नव्हती.'

आत एक फूड प्रोसेसर. इस्त्री. टोस्टर. व्हॅक्यूम क्लीनर. एक व्हीसीआर. सगळं कोरं, थर्माकोलमध्ये घट्ट बसवलेलं, वॉरंटीची कार्डं न भरलेली. मी आनंदाने फोनवर किमती शोधायला लागले. न वापरलेली जुनी उपकरणं, मूळ खोक्यासकट, म्हणजे चैनच. मग नवऱ्याने इस्त्रीची वायर सोडवली आणि प्लग माझ्यासमोर धरला. दोन गोल पिना. खाली छापलेलं: २२० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ.

अमेरिकेतल्या घरात वीज १२० व्होल्टची, ६० हर्ट्‌झची. भारतात २३० आणि ५०. १९७०-८०च्या दशकांत न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये २२० व्होल्टची उपकरणं विकणारी दुकानं चालायची. भारतात सुट्टीला किंवा कायमचे जाणारे लोक तिथून खरेदी करत. दोन वर्षांहून जास्त परदेशी राहून कायमचं परतणाऱ्याला घरगुती सामानावर कस्टम ड्यूटीत सवलत असायची. त्याला 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स' म्हणत. हे मला व्हीसीआरच्या खोक्यातल्या फायलीतून कळलं. त्यात कस्टम्सच्या नियमांची झेरॉक्स होती, पावत्या होत्या, आणि वहीचा एक कागद. वर बाबांच्या अक्षरात मथळा:

न्यायचं सामान. जून १९८८.

'१९८८' खोडून १९८९. ते खोडून 'डिसें. ९०'. मग 'चिरंजीव दुसरीत जायच्या आत'. मग 'ताईचं हायस्कूल झाल्यावर'. त्याखाली एक आडवी रेघ होती आणि पुढे काही नव्हतं. सामानाच्या यादीत तेवीस वस्तू होत्या. पाचांपुढे बरोबरची खूण. सहावी वस्तू होती फ्रिज, आणि त्यापुढे कंसात 'तिथेच घेऊ'.

मी ते मोठ्याने वाचलं. वाचायला नको होतं असं आता वाटतं. निदान आधी मनात वाचून मग ठरवायला हवं होतं. पण दोघं माझ्याकडे बघत उभे होते आणि मला हे कौतुकाचं काम वाटत होतं. ताई आदल्याच रात्री कॅलिफोर्नियाहून आली होती. ती पायरीवर बसली.

'पुन्हा वाच. माझ्या नावाचं.'

मी वाचलं.

'मी सात वर्षांची होते,' ती म्हणाली, 'तेव्हा पियानो मागत होते. दर वाढदिवसाला. आई म्हणायची, पुढच्या वर्षी बघू. मी समजायचे पैसे नाहीत. शाळेत मी सगळ्यांना सांगायचे की आम्ही गरीब आहोत.' मग ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. 'पैसे होते. इस्त्रीत घातले होते.'

ती वर गेली. मी मागोमाग गेले नाही, पण तळघराचं दार उघडं होतं.

'आई, पियानो का नाही घेतला?'

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग आईंचा आवाज, नेहमीसारखाच. 'पियानो घेतला असता तर मग गेलोच नसतो ना गं.'

'गेलो नाहीच की.'

'हो. पण तेव्हा माहीत नव्हतं.'

त्या रात्री गाडीतून घरी जाताना नवरा म्हणाला, 'म्हणूनच आपण सोफा घेत नाही का?'

मी काही बोलले नाही. आमच्या अपार्टमेंटमध्ये सोफा नाही. दोन आरामखुर्च्या आहेत, फेसबुक मार्केटप्लेसवरून घेतलेल्या, हलक्या. पुण्याला आईशी मी दर रविवारी बोलते आणि ती विचारते, कधी येताय? मी म्हणते, दोन वर्षं, मग बघू. २०१६ पासून म्हणते.

विक्रीचे दिवस शनिवार आणि रविवार. टाउनशिपकडून दहा डॉलरचा परवाना काढला. नाक्यावर बाणांच्या पाट्या ठोकल्या. बँकेतून दोनशे डॉलरच्या एक आणि पाचच्या नोटा आणल्या, कारण पहिलं गिऱ्हाईक हमखास तीन डॉलरच्या वस्तूला पन्नासची नोट देतं. टेबलावर पैसे घ्यायचा क्यूआर कोड चिकटवला. औषधं, पासपोर्ट, देव, दागिने आणि आईंच्या साड्या एका खोलीत ठेवून तिला कुलूप. बाथरूमला चिकटपट्टी. प्रत्येक पुस्तक झटकून बघितलं, प्रत्येक कोटाचे खिसे तपासले. मिळालं काय, तर खडीसाखर आणि टोलच्या पावत्या.

आई मैत्रिणीकडे जाणार होत्या, असं ठरलं होतं.

जाहिरातीत नऊ वाजता लिहिलं होतं. पहिली गाडी सात वाजायच्या आधी आली. हे व्यापारी लोक. हातात टॉर्च, फोन, आणि डोळ्यांत अजिबात दयामाया नाही. ते रांगेत आपापसांत गप्पा मारतात, कुठल्या घरात काय मिळालं ते सांगतात. नऊ वाजता दार उघडलं तसे दोघं सरळ गराजमध्ये गेले, एक स्वयंपाकघरात. दहा मिनिटांत ड्रिल, पाने, करवती गेल्या. बीडाचा तवा गेला. मी लावलेल्या किमतींकडे बघून एकजण मिश्किल हसला आणि घासाघीस न करता पैसे देऊन गेला. तेव्हा कळलं, कुठेतरी मी शून्य कमी लिहिलंय. पितळी घंगाळ मी चाळीसला दिलं. पुढे महिन्याभराने अगदी तसंच एक ऑनलाइन पावणेतीनशेला दिसलं, झाड लावून. तेच होतं की दुसरं, मी खोलात गेले नाही.

बरण्यांपाशी एक साठीचा माणूस बराच वेळ उभा होता. त्याने विचारलं, यावर काय लिहिलंय? मी एकेक वाचून, इंग्रजी करून सांगितलं. शेवटच्या बरणीपाशी तो मोठ्याने हसला. म्हणाला, माझ्याकडेही अशी आहे, फक्त त्यावर लिहायची माझी हिंमत झाली नाही. त्याला स्क्रू नको होते, ती बरणी हवी होती. दोन डॉलर. पट्टी काढू नका, असं दोनदा बजावून घेऊन गेला.

अकराच्या सुमारास आई परत आल्या. मैत्रिणीचा फोन आधीच आला होता: 'बसल्याच नाहीत गं, चहाही अर्धा ठेवला.' मला धास्ती होती की कुणाच्या तरी हातात आपली वस्तू बघून त्या रडतील, किंवा वस्तू परत घेतील. एका बाईने त्यांची शाल खांद्यावर टाकून आरशात बघितलं. आई दारात उभ्या. मी श्वास रोखला. आई म्हणाल्या, 'दुसरी बाजू वर घ्या, ती जास्त छान आहे.'

मग त्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या आणि दिवसाचा रंगच बदलला. पुरणयंत्रावर मी स्टिकर लावला होता, पण ते काय आहे ते कसं लिहावं ते न सुचल्याने नुसतं 'किचन' लिहिलं होतं. आईंच्याच वयाची एक इटालियन आजी आली, तिने ते उचललं, दांडा फिरवला आणि म्हणाली, टोमॅटोसाठी! सप्टेंबरचा शेवट होता. तिच्या घरी वर्षाचा टोमॅटो सॉस घालायचा होता आणि तिचं यंत्र मोडलं होतं. आई म्हणाल्या, डाळीसाठी, गोड. दोघी अर्धा तास बोलत होत्या. आईंनी तिला पुरण कसं शिजवायचं ते सांगितलं. तिने आईंना टोमॅटोच्या बिया आधी काढायच्या की नंतर यावर व्याख्यान दिलं. सहा डॉलरची वस्तू. आईंनी पाचच घेतले आणि मला म्हणाल्या, 'तू जास्त लावली होतीस.'

एक तरुण मुलगा स्टीलच्या डब्यांवर बोट फिरवत होता. त्याला वाटलं ती नक्षी आहे. 'मामा-मामींकडून सप्रेम भेट, १९७९' असं त्यावर मशीनने कोरलेलं होतं. आईंनी वाचून दाखवलं. तो म्हणाला, मग तुम्ही हे विकताय का? आई म्हणाल्या, 'मामा नाहीत, मामी नाहीत. डबा चांगला आहे. झाकण घट्ट बसतं.' त्याने चार डबे घेतले.

सगळ्यात जास्त मागणी ज्याला आली ती वस्तू विक्रीला नव्हतीच. खिडकीतला कढीपत्ता. चार फूट उंच, कुंडीतला, दर हिवाळ्यात आत आणलेला. भारतीय गिऱ्हाइकं यायची, डब्यांकडे बघायचीही नाहीत, थेट कढीपत्त्याचा भाव विचारायची. शेवटची बोली दीडशे डॉलरवर गेली. आई प्रत्येकाला एक डहाळी तोडून देत होत्या. दुपारी तीनपर्यंत झाडाची खालची बाजू बोडकी झाली.

मराठी पुस्तकं कुणी घेतली नाहीत. मला हे अपेक्षित होतं तरी लागलं. तीन कपाटं होती, दिवाळी अंकांचे गठ्ठे वेगळे. आधी दोन आठवडे मी आसपासच्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फोटो टाकले होते. 'फुकट, फक्त घेऊन जा.' बदाम, नमस्कार, 'वा, काय संग्रह आहे' असे संदेश आले. तिघांचं उत्तर एकच आलं: 'आमच्याकडेही आहेत, तुम्हांला हवीत का?' एका काकांनी फोन करून तासभर कुठलं पुस्तक बाबांनी त्यांना वाचायला दिलं होतं ते सांगितलं आणि शेवटी म्हणाले, माझीही मुलं मला हेच विचारतायत, यांचं काय करायचं. रद्दीत द्यायची तर पुठ्ठ्याचं कव्हर फाडून द्यावं लागतं. मी एकाचं फाडलं आणि थांबले. चाळीसेक पुस्तकं आमच्याकडे आणली. उरलेली अजून नवऱ्याच्या मित्राच्या गराजमध्ये आहेत. म्हणजे तो प्रश्न मी सोडवलेला नाही, दुसऱ्याच्या घरात ठेवलाय.

रविवारी सगळ्यावर पन्नास टक्के सूट. तळघरातली खोकी मी जिन्याच्या पायथ्याशी मांडली होती. लोक यायचे, कोरं खोकं बघून डोळे चमकायचे, मग प्लग बघून ठेवून द्यायचे. एकाने विचारलं, हे कुठल्या देशाचं आहे? ताई शेजारीच उभी होती. ती म्हणाली, 'आम्ही तिथे कधी राहिलो नाही.' शनिवारपासून ती आईंशी कामापुरतंच बोलत होती, आईही तिच्याशी. रविवारी सकाळी मात्र दोघी सिंकपाशी उभ्या राहून न विकलेले ग्लास पुसताना दिसल्या. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

पाचांपैकी एकच वस्तू विकली गेली, व्हीसीआर. जुन्या व्हिडिओ कॅसेटी डिजिटल करून देणारा एक माणूस आला होता. भारतातल्या आणि युरोपातल्या बऱ्याचशा कॅसेटी पाल पद्धतीच्या, अमेरिकेतल्या एनटीएससी. दोन्ही चालवणारं यंत्र आता सहज मिळत नाही आणि त्याच्याकडे लोक लग्नाच्या कॅसेटी घेऊन येतात. हा व्हीसीआर दोन्ही वाचणारा होता, आणि वीजही ११० ते २४० कुठलीही चालणार होती. तिथेच प्लगला अडॅप्टर बसवून चालू केला. दिवा लागला. आतले रबरी पट्टे गेले असतील, ते मी बदलतो, म्हणाला. ऐंशी डॉलर, सूट न मागता.

'बघ,' आई ताईला म्हणाल्या, 'एक तरी कामाचं होतं.'

फूड प्रोसेसरचं मी पुण्याला आईला विचारलं. व्हिडिओ कॉलवर खोकं फिरवून दाखवलं. पुढच्या वेळी बॅगेत आणू का? ती म्हणाली, 'अगं माझ्याकडे आहे की. इथे सगळं मिळतं आता. त्यापेक्षा तू ये.' पहिली दोन वाक्यं मी आईंना सांगितली. तिसरं सांगितलं नाही.

दोन दिवसांत ३,१४० डॉलर जमले. दहा हजार नाहीतच, त्या बाईचा अंदाज बरोबर होता. डायनिंग टेबल पन्नासलाही गेलं नाही. नवरा म्हणाला, आपणच नेऊ. आम्ही टेप घेऊन आमच्या अपार्टमेंटचा जिना मोजून आलो. सात इंच कमी पडत होते. पाय सुटतात का बघितलं, सुटत नाहीत. फर्निचर फुकट नेणाऱ्या एका धर्मादाय संस्थेचा ट्रक बुधवारी येणार होता.

रविवारी संध्याकाळी उरलेलं सामान रस्त्याच्या कडेला 'फ्री' अशी पाटी लावून ठेवलं. अंधार पडता पडता एक जुना पिकअप ट्रक आला. भंगार गोळा करणारा माणूस होता. असा माणूस इथेही असतो, फक्त ओरडत नाही. त्याने व्हॅक्यूम क्लीनर उचलला, इस्त्री, टोस्टर, फूड प्रोसेसर. खोक्यांतून काढून एका रांगेत जमिनीवर ठेवले. मग खिशातून पक्कड काढली आणि चारही वायरी मुळाशी कापून वेगळ्या बादलीत टाकल्या. तांबं वेगळं विकलं जातं. गोल पिनांचे प्लग बादलीवर आपटून खणखणले.

आई गाडीत बसल्या होत्या, कढीपत्त्याची कुंडी पायांशी धरून. काच खाली करून त्यांनी विचारलं, 'नेलं सगळं?'

'हो.'

'थर्माकोल पण?'

'नाही, खोकी आणि थर्माकोल ठेवून गेला.'

'मग ते गाडीत टाक. उद्या काचेचे ग्लास न्यायचेत, त्यात नीट बसतील.'